आधी आई दाखवा, मग पिल्लाचं बोलू

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात रो हाऊसमध्ये राहतो. मी शिक्षिका, मिस्टर बँकेत, मुलगा सहावीत आणि मुलगी दुसरीत. दिवसभर घरी सासूबाई असतात. मुलांना लॅब्रॅडॉर हवाय. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत: ‘हेवी बोन, ३५ दिवसांचं, एक डोस झालेला, पेपरशिवाय. आज टोकन द्या, परवा ट्रॅव्हल्सने सोलापुरात पोच.’ पुण्याकडचे एक केनेलवाले मात्र तिप्पट किंमत सांगतात. त्यांची कुत्री आत्ता फेब्रुवारीत लागलीय, पिल्लू जूनअखेर मिळेल म्हणतात, आणि वर आमचीच उलटतपासणी घेतात. मुलांची सुट्टी तर मे महिन्यात. एवढे जादा पैसे नेमके कशाचे, आणि थांबायचं तरी कशाला?

उत्तर: ताई, उलटतपासणी घेणारा माणूस सरळ वाटतोय. त्याला हो म्हणायच्या आधी त्याच्याकडे एकदा जाऊन या, कारण गोड बोलणारे आणि अवघड प्रश्न विचारून भाव खाणारे असे दोन्ही नमुने या धंद्यात आहेत. ट्रॅव्हल्सवाल्याला मात्र आजच नाही म्हणून टाका. टोकन तर अजिबात देऊ नका.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. सुरुवात गाई-म्हशींपासून झाली, आता दवाखान्यात जास्त करून कुत्री-मांजरंच येतात. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी सांगोल्याच्या बाजारात पंढरपुरी म्हैस घ्यायला गेला, तर कितवं वेत, सड कसे आहेत, दात किती, आईला दूध किती होतं, हे सगळं विचारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. त्याच घरातला शिकलेला मुलगा बारा वर्षं घरात राहणारं जनावर मोबाइलवरच्या एका फोटोवर घेतो, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही. ‘आई कुठंय? कधी बघायला येऊ?’ एवढंच विचारा. बाप दुसरीकडचा असू शकतो, त्यात वावगं काही नाही. चांगले लोक मुद्दाम लांबच्या चांगल्या नराकडे आपली मादी नेतात. पण आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाची आई तिथंच असायला पाहिजे. ‘आई गावाकडे आहे’, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मीच सात रस्त्यावर आणून देतो’, ‘टोल नाक्यावर भेटू’ यातलं काहीही ऐकू आलं की समजा, त्या माणसाकडे दाखवण्यासारखी जागा नाही. बहुतेक वेळा तो पाळणारा नसून मधला एजंट असतो. चार ठिकाणची पिल्लं एका खोलीत आणून ठेवायची आणि जशी विकतील तशी पाठवायची. यात एका घरचा रोग चार घरी पोचतो.

आता त्या ३५ दिवसांबद्दल, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

पिल्लाला पहिल्या एक-दोन दिवसांच्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती सहाव्या आठवड्यापासून पुढे हळूहळू उतरत जाते, काही पिल्लांत सोळाव्या आठवड्यापर्यंत थोडीफार टिकते. ती अंगात असेपर्यंत लस दिली तर आईकडची प्रतिपिंडंच तिला निकामी करतात, आणि ती संपल्यावर लस नसेल तर पिल्लू उघडं पडतं. कुठल्या पिल्लात हा क्षण नेमका कधी येतो ते बाहेरून कळत नाही. म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, अशी मालिका करावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि वर्षाने सगळ्यांचा बूस्टर. त्यामुळे ‘एक डोस झालाय’ याला फार अर्थ नाही. तोही खरंच झालाय का, हे कार्डावर बघा. लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं हवं, तारीख हवी, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं बॉलपेनने ‘डीपी डन’ (म्हणजे डिस्टेंपर-पार्व्होची लस झाली) असं लिहिलेलं कार्ड कुणीही छापून आणतं. शिवाय लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. सोलापूरच्या उन्हात पिशवीतून फिरलेली लस टोचली काय आणि न टोचली काय.

दवाखान्यात हे चित्र ठरलेलं असतं. शनिवारी पिल्लू येतं, रविवारी सगळे नातेवाईक बघून जातात, आणि बुधवारी-गुरुवारी घरातली माणसं बुटाच्या खोक्यात घालून घेऊन येतात. ‘सकाळपासून बिस्कीटसुद्धा खाईना.’ खोकं उघडलं की आधी वास येतो. पार्व्हो या पिल्लांच्या आतड्याच्या विषाणूजन्य रोगातल्या रक्ताळलेल्या जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की परत ओळखायला तपासणी लागत नाही, खात्रीसाठी आपण किट लावतो एवढंच. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी. मुलं कोपऱ्यात उभी, त्यांनी नाव ठेवून झालेलं असतं. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. हिशोब तुम्हीच करा: चौथ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू तो विषाणू बहुधा तिकडूनच घेऊन आलं. पण फोन केला तर विकणारा म्हणतो, ‘आमच्याकडे चांगलं खेळत होतं, तुमचं पाणी बाधलं.’ पुढच्या वेळी तो फोन उचलतच नाही. सलाइन, इंजेक्शनं, रोज दोन वेळच्या फेऱ्या यात स्वस्तातलं पिल्लू महाग पडतं, आणि इतकं करून ते वाचेलच असं नाही.

शेजारी किंवा पूर्वी तुमच्याच घरी असं पिल्लू दगावलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हा विषाणू अंगणात, फरशीच्या फटीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि फिनाइलने मरत नाही. घरातलं ब्लीच एकाला तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून, आधी घाण काढून, मग दहा मिनिटं ओलं ठेवून पुसावं लागतं.

रोगाचं झालं, आता स्वभावाचं. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे पिल्लं भावंडांशी झोंबायला लागतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो, आई गुरकावून बाजूला सारते. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू इथंच शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेलं पिल्लू हे सगळं तुमच्या दुसरीतल्या मुलीच्या हातावर शिकणार. मग तीन महिन्यांचं झालं की ‘डॉक्टर, फार चावतंय, जात चुकली का?’ असं लोक विचारतात. जात चुकलेली नसते, पिल्लू लवकर तोडलेलं असतं.

कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारने २०१७ साली श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं, आणि विकताना त्याचं लसीकरण झालेलं व मायक्रोचिप बसवलेली असायला हवी. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी भरवायची नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. तेव्हा ३५ दिवसांचं पिल्लू विकायला काढणारा माणूस तुमच्याशी पहिलं वाक्य बोलतानाच नियम मोडतोय. पुण्याच्या गृहस्थांनाही नोंदणी क्रमांक जरूर विचारा. चेहरा कसा होतो ते बघा. ज्यांच्याकडे असतो ते भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतात, उलट खूश होतात कुणी विचारलं म्हणून.

चिपबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप मानेजवळ कातडीखाली असते, तिच्यात फक्त पंधरा आकडी नंबर असतो. कुत्रं हरवलं तर मोबाइलवर दिसत नाही. रीडर फिरवला की नंबर येतो, आणि तो कागदावरच्या नंबरशी जुळला पाहिजे, एवढंच तिचं काम.

आता तुम्ही विचारलेले ‘पेपर’. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे. त्यांच्या प्रमाणपत्रावर पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे असा वंश असतो. ‘पेपरसह एवढे, पेपरशिवाय तेवढे’ असे एकाच वेताचे दोन भाव कुणी सांगितले तर सावध व्हा, कारण नोंदणी वेताची होते आणि ती पैदास करणाऱ्याने करायची असते. पण कागद म्हणजे तब्येतीची हमी असंही समजू नका. तीन पिढ्यांत तेच ते नाव पुन्हापुन्हा दिसलं, म्हणजे जवळच्या नात्यातच जोड्या लावल्यात, तर कागद असूनही मी ते पिल्लू घेणार नाही. कागदाचा खरा उपयोग तोच आहे, आणि बहुतेक लोक तो फ्रेम करून भिंतीला लावतात.

‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘शो क्वालिटी’ याकडे लक्षच देऊ नका. लॅब्रॅडॉरमध्ये विचारायचं ते खुब्याचं. या जातीत आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशातून येतो. चाळीस दिवसांच्या गुबगुबीत पिल्लात तो दिसत नाही, वर्ष-दीड वर्षाने कुत्रं जिना चढेना झालं की कळतं. म्हणून पिल्लाच्या आई-बापांचे, दोन वर्षं वय झाल्यावर काढलेले, खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे मागा. आपल्याकडे हे एक्स-रे काढणारे फार थोडे, पण तिप्पट किंमत घेणाऱ्याने काढलेले असावेत ही अपेक्षा चूक नाही. नसतील तर निदान एवढं करा: आईला बसलेली असताना मालकाला हाक मारायला सांगा. ती पुढच्या पायांवर जोर देत, मागचा भाग ओढत उठते की सरळ उभी राहते? चालताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकते का? एक्स-रेची सर याला नाही, पण डोळे मिटून घेण्यापेक्षा बरं.

आईच्या अंगावर जाऊ नका मात्र. बाळंतीण कुत्री थोडी खंगलेली, केस गळालेली, आचळं लोंबलेली असतेच, त्यावरून नाक मुरडू नका. तुम्ही आत गेल्यावर तिनं एकदा गुरगुरावं आणि मालकाने ‘बस गं’ म्हटल्यावर शांत व्हावं, हे मला चालतं. कोपऱ्यात अंग चोरून थरथरणारी आई मला चालत नाही. भित्रेपणा रक्तातून येतो आणि पिल्लं तो आईकडे बघूनही उचलतात.

चांगल्या घरची खूण मला पॅम्प्लेटपेक्षा वहीत दिसते. एका ठिकाणी मी व्यालेली मादी तपासायला गेलो होतो. मोठी लाकडी पेटी, आतून चारही बाजूंनी वीतभर उंचीवर आडवी पट्टी ठोकलेली, आई टेकून बसली तर पिल्लू भिंतीशी चिरडू नये म्हणून. सात पिल्लांच्या गळ्यात सात रंगांची लोकर सैल बांधलेली, आणि शेजारी शंभर पानी वही. प्रत्येक रंगापुढे रोजचं वजन ग्रॅममध्ये. पिवळ्या लोकरीचं वजन दोन दिवस वाढलं नव्हतं, तर तिथं लाल शाईनं खूण आणि ‘मागच्या आचळाला लावणे’ अशी सूचना. मालकीणबाई स्वतः रात्री उठून लावत होत्या. ताई, तुम्ही विचारलंत ना जादा पैसे कशाचे? या वहीचे, आईच्या खुराकाचे, दर पंधरा दिवसांच्या जंताच्या औषधाचे, आणि आठ आठवडे सात तोंडं पोसण्याचे. अशा माणसाला वर्षाला दहा वेतं काढताच येत नाहीत. बारा महिने, पाहिजे त्या जातीचं, पाहिजे त्या रंगाचं पिल्लू ज्याच्याकडे तयार असतं, तो काय करत असेल याचा विचार करा.

पिल्लू निवडताना सगळ्यात दांडगं किंवा कोपऱ्यातलं गरीब असं न बघता मधलं बघा. हाक मारल्यावर येणारं, उचलल्यावर थोडं वळवळून मग शांत होणारं. डोळ्यांत पू नको, हिरड्या गुलाबी हव्यात, पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंत. बेंबीपाशी बोट फिरवून फुगवटा बघा. नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत का ते मालकाला दाखवायला सांगा. मागून टाळी वाजवून कान हलतो का पाहा. नाक गार-गरम आहे का हे बघण्यात वेळ घालवू नका.

त्यांनी तुमची चौकशी केली म्हणून तुम्हाला राग आलाय, तो सोडा. दिवसभर घरी कोण, घर भाड्याचं की स्वतःचं, आधी कुत्रं होतं का आणि त्याचं काय झालं, हे विचारणारा माणूस पुढेही फोन उचलतो. त्यांच्याकडून लेखी घ्या: दोन-तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरला दाखवून काही निघालं तर काय, आणि कधीही नाही जमलं तर पिल्लू परत घेणार का. ‘कुणाला परस्पर देऊ नका, माझ्याकडे आणा’ असं तेच आधी म्हणाले तर व्यवहार पक्का करायला हरकत नाही.

लॅब सोलापुरात निभतो का, हाही प्रश्न आहेच. निभतो, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर जातो तेव्हा त्याला पत्र्याखाली बांधून चालणार नाही. फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. घरात शहाबादी फरशी असेल तर उत्तम, गार राहते आणि पाय घसरत नाही. गुळगुळीत टाइल्स असतील तर जिथं तो पळतो तिथं सतरंजी टाका. पग किंवा हस्की विचारला असतात तर मी सरळ नको म्हटलं असतं.

आणि एक पर्याय सुचवून ठेवतो. आपल्या भागात कारवान किंवा पश्मी शेकडो वर्षं आहेत, शिकारीचं चपळ कुत्रं. त्यालाच कर्नाटकात मुधोळ हाऊंड म्हणतात, २००५ साली त्याचं टपाल तिकीटही निघालं. विजापूरच्या पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ऊन सोसतो, केस कमी. पण त्याला रोज मोकळं रान पळायला लागतं, अनोळखी माणसाशी तो पटकन बोलत नाही, आणि रो हाऊसच्या चार फुटी गेटवरून उडी मारणं त्याच्यासाठी खेळ आहे. मळा असलेल्यांनी घ्यावा. तुमच्यासाठी नाही. लॅबच पाहिजे असा हट्ट नसेल तर चांगल्या आईचं गावठी पिल्लू या उन्हात सगळ्यांत सोपं जातं, पण मुलांचं मन लॅबवर बसलंय असं दिसतं.

राहिला सुट्टीचा मुद्दा. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३, वर आठ आठवडे, म्हणजे त्यांनी सांगितलेला जूनअखेर बरोबर बसतो, मुद्दाम लांबवलेलं काही नाही. आणि मे महिन्यापेक्षा ते बरंच. भर उन्हाळ्यात एवढ्या लहान जिवाला पुण्याहून सोलापुरात आणणं नको, आणि मुलं दिवसभर घरी असली की पिल्लाला झोपू देत नाहीत. त्याला दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते. मुलं शाळेत असताना त्याचं खरं सगळं करणार आहेत सासूबाई, तेव्हा दर तीन तासांनी खाली नेणं आणि फरशी पुसणं त्यांना झेपणार आहे का, हे आधी त्यांनाच विचारा. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठं दिसलं नाही.

आणायला स्वतःच्या गाडीने जा, पहाटे निघालात तर संध्याकाळपर्यंत परत. ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्यात पाठवायला कुणी तयार झालं तरी तुम्ही होऊ नका. निघायच्या दोन-तीन तास आधीपासून खायला घालू नये, आईच्या अंथरुणातला एक फडका मागून घ्यावा, आणि ते जे खाणं देतात तेच आठवडाभर द्यावं, ‘आमच्याकडे दूध-भाकरी’ असं पहिल्या दिवशी नको. शेंगाचटणी लावलेली भाकरी तर कधीच नको, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं आणि बेदाणे आपल्याकडे घरोघरी असतात, त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, मुलांना हे बजावून ठेवा. लशी पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर सोडू नका, पण घरातला मिक्सर, बेल, रिक्षाचा आवाज, पाहुणे हे सगळं कडेवर घेऊन दाखवत राहा, कारण तीन महिन्यांपर्यंत जे बघितलं त्याला पुढे भीत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाला ते आठ-नऊ महिन्यांचं होऊन थोडं धीट झालेलं असेल.

आल्यावर दोन दिवसांत दवाखान्यात आणा. येताना लशीचं कार्ड, चिपचा नंबर, जंताच्या औषधाच्या तारखा आणि सकाळच्या शीचा नमुना डबीत. पहिल्या भेटीत सुई बहुधा लागत नाही, वजन करू, रीडर फिरवू आणि खुबे हाताने तपासून बघू. वाट बघत असताना खुर्चीवर मांडीवरच ठेवा, फरशीवर सोडू नका, आमच्या फरशीवरून आजारी कुत्री गेलेली असतात.